साकवाखालची जीप

लोहगडवाडीकडून पवनेच्या पाण्याकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला अकरा घरांची एक वाडी लागते. वाडीत शिरताना ओढा ओलांडावा लागतो. त्यावर सहा पावलांचा एक साकव आहे. त्याच्यावरून शेळ्या जातात, भाताचे भारे जातात, शाळेची पोरं जातात. गेल्या दसऱ्यापर्यंत मात्र सरकारदरबारी या साकवाची नोंद चारचाकी वाहन म्हणून होती. तो डिझेलवर चालत होता, ड्रायव्हर धरून नऊ माणसं बसवत होता, आणि त्याच्या मालकीणबाईंचं नाव होतं नंदा बजरंग घारे.

नंदाबाई त्रेपन्न वर्षांच्या. आवाज चढवणं त्यांना जमत नाही. कुणाशी भांडायचं असेल तर आधी त्याला बसायला सांगतात, चहा टाकतात, आणि चहा उकळेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. समोरचा तेवढ्यातच निम्मा दमतो. नवरा बजरंग तीस वर्षं असा दमत आला आहे.

जीप घेतली बजरंगने, पण बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं म्हणून कागदावर नंदाबाई आल्या. शेत दिराजावांच्या सामाईक नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर. जीप तेवढी त्यांची. बजरंग पवनानगरहून कामशेतपर्यंत सीटा भरायचा. मग त्याचा गुडघा गेला, आणि क्लच दाबताना तो असा ओरडायला लागला की सीटा उतरून दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागल्या. तेव्हा नंदाबाई गाडी शिकल्या, शेहेचाळिसाव्या वर्षी. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि मैलभर जमीन मोकळी पडते, तिथे. आपटायला तिथे एक म्हैस सोडून काही नव्हतं, आणि म्हैस शहाणी होती. पुढे तळ्याकाठी तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांना त्या जीपमधून भाकरी, पिठलं आणि कोंबडीचा रस्सा पोचवायला लागल्या.

मागच्या वर्षीच्या जुलैत दरड आली. वाडीचा उतार शेवाळला होता म्हणून नंदाबाईंनी जीप वरच्या वळणावर लावली होती. दुपारी चारला डोंगराचा एक तुकडा खाली आला आणि बरोबर जीपवर बसला. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी जेसीबीने जीप ओढून काढली, तेव्हा ती इतकी चपटी झाली होती की उभी टेकवली असती तर दार वाटली असती.

तलाठ्यांनी पंचनामा केला. विमा होता, पण तो समोरच्याला धडक बसली तर त्याला द्यायचा. डोंगराने विमा मागितला नाही. विषय संपला.

वाडीत कुठलीही वस्तू फुकट पडून राहत नाही. मागचं लांब सीट शेजारच्या शकुबाईंनी नेलं. त्या अजून त्याच्यावर बसून वाल सोलतात. बॉनेट सरपंचांच्या खुराड्यावर गेलं. इंजिन भंगारवाला घेऊन गेला. राहिला खालचा लोखंडी सांगाडा, दोन लांब जाड पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. ओढ्यावरचे ओंडके त्याच पावसात वाहून गेले होते. सरपंच निवृत्ती घारे हे बजरंगचे चुलतभाऊ. ते येऊन म्हणाले, "वैनी, सांगाडा देता का? वड्यावर टाकतो. शकुबाईला शेतात जाया दोन मैलाचा वळसा पडतोय."

"न्या की भावजी. हितं पडून कोंबड्या बसत्यात त्याच्यावर."

जेसीबीने सांगाडा ओढ्यावर आडवा टाकला. वाडी त्याच्यावर फळ्या ठेवून जायला लागली. फेब्रुवारीत ग्रामपंचायतीने त्याच्यावर स्लॅब ओतला, कठडा बसवला आणि बाजूला एक पाटी रोवली. पाटीवर 'साकव बांधकाम', निधीचं नाव आणि सरपंचांचं नाव. नारळ नंदाबाईंच्याच घरचा होता.

मग सप्टेंबर आला. रेशन दुकानदाराने मशीनमध्ये कार्डाचा नंबर टाकला आणि म्हणाला, "मावशी, तुमची नावं दिसत न्हाईत."

"दिसत न्हाईत म्हंजी?"

"चौघांचीबी उडाली. चारचाकी दाखवतंय तुमच्या नावावर."

नंदाबाई तालुक्याच्या ऑफिसात गेल्या. खिडकीतला कारकून म्हणाला की चारचाकी असलेल्या घरांची यादी वरून आली आहे, त्यांचं धान्य बंद.

"साहेब, जीप चालत व्हती तवा धान्य चालू व्हतं. जीप मेल्यावर बंद झालं."

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं ना मावशी. आता माहिती आली."

"पर आता जीपच न्हाई."

"मग तसा आरटीओचा दाखला आणा, नोंदणी रद्द झाल्याचा. ऑक्टोबरअखेर आणलात तर नावं परत बसवतो. त्यानंतर नव्याने अर्ज, नव्याने चौकशी. त्याला किती दिवस लागतील, मी सांगत नाही."

मावळात राहत नाही त्याला हे प्रकरण वीस किलो तांदळाचं वाटेल. तसं ते नव्हतं. घारे इंद्रायणी पिकवतात, पण खात नाहीत. घरचा इंद्रायणी वर्षभर कणगीत जुना करायचा आणि दिवाळीच्या आधी लोणावळ्याच्या पद्मजाताई आणि त्यांच्या ओळखीच्या बंगल्यांना पोचवायचा, ही पद्धत. घरात भात रेशनचा. त्या वर्षीच्या कणगीतून प्रेरणाची, म्हणजे धाकट्या लेकीची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी जायची होती. रेशन बंद झालं तसा घरात इंद्रायणी शिजायला लागला आणि कणगी खाली जायला लागली. नंदाबाई रोज संध्याकाळी कणगीत हात घालून बघायच्या, कोपरापर्यंत लागतो की खांद्यापर्यंत.

बजरंगला याची फारशी काळजी दिसत नव्हती. उलट तो जेवायला वेळेवर यायला लागला.

"भाताला वास काय सुटलाय," तो म्हणाला. "चाळीस वर्सं पिकवतोय, खायाला आत्ता मिळतोय. कशाला पळापळ करती? आपला तांदूळ आपुनच खावा."

"आन पोरीनं काय करावं?"

बजरंगने भात कालवला. "मी कुटं काय म्हनतोय."

थोरला मुलगा निलेश वराळ्याच्या कारखान्यात आहे. त्याने मोबाइलवर अर्ज भरला आणि सुट्टी टाकून आईला आरटीओत नेलं. तिथे श्रद्धा मॅडम नावाच्या, चष्मा केसांवर चढवून बसणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले. आरसी बुक होतं. पंचनामा होता.

"पंचनाम्यात जीपचं पूर्ण नुकसान झालं असं आहे," त्या म्हणाल्या. "जीप नाही असं कुठे आहे?"

"डोंगर पडला तिच्यावर."

"हो, पण नुकसान झालेली गाडी लोक दुरुस्त करतात, मावशी. आणि पीयूसीची मुदत संपलीय तुमची."

"आता ती धूर सोडत न्हाई मॅडम."

श्रद्धा मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नंदाबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पीयूसीचं मी बघते. पण दोन गोष्टी लागतीलच. दोन्ही नंबर प्लेटा, आणि चॅसीवरचा नंबर. नंबर जिथे ठोकलेला असतो तेवढा लोखंडाचा तुकडा कापून आणायचा. त्याशिवाय गाडी मोडली असं आम्ही धरत नाही. कुठे आहे सांगाडा?"

निलेशने आईकडे बघितलं. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"घराजवळच हाय," नंदाबाई म्हणाल्या.

नंबर प्लेटांची अडचण नव्हती. एक न्हाणीतल्या पिंपावर झाकण म्हणून होती, दुसरी निलेशने आठवण म्हणून खिळ्याला लावलेली. नंबर शोधायला नंदाबाई, निलेश आणि शकुबाई बॅटरी घेऊन साकवाखाली उतरले. पाणी मांडीपर्यंत होतं. शकुबाईंच्या शेताकडच्या टोकाला पट्टीचा वीतभर भाग स्लॅबच्या खाली उघडा होता. निलेशने चिखल पुसला. आकडे हाताला लागले.

"घावला," शकुबाई म्हणाल्या. "लेकरू घावल्यावानी वाटतंय मला."

मग साहजिकच ग्रामपंचायतीची परवानगी. नंदाबाईंनी ग्रामसेवकांना घरी बोलावलं, बसवलं, चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ते कपाळ पुसत बसले. त्यांना कुणकुण लागली होती.

"भाऊसाहेब, साकवाखालचा वीतभर तुकडा कापायचा हाय. जागा मी परत जोडून देते. नुसती परवानगी द्या."

"शासकीय बांधकाम आहे, काकू. त्याला धक्का लावता येत नाही."

"माझी जीप हाय ती."

"साकवात जीप नाही," ग्रामसेवक म्हणाले. "अंदाजपत्रकात नवीन लोखंडी गर्डर आहेत."

"मग तसं लिहून द्या. साकवात नंदा घारेची जीप न्हाई म्हनून. मी आरटीओला दाखवते."

"जी वस्तू नाही तिच्याबद्दल मी कसं लिहून देऊ?"

"मग हाय म्हनून द्या."

ग्रामसेवकांनी चहा बशीत ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली, आणि मासिक सभेत विषय घेऊ म्हणाले. मासिक सभा ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी होती. सरपंच निवृत्तींना विचारलं तर ते म्हणाले, "वैनी, आपलं घरचं हाय, पर बिल अजून निघायचंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंचायत समितीचं इंजिनेर साहेब बघाया येनारेत. बिल निघू दे, मग बघू."

"बिल कवा निघतंय?"

"त्ये काय आपल्या हातात हाय व्हय."

इंद्रायणी आता कोपराहूनही खोल गेला होता. बजरंग दुसऱ्यांदा भात मागत होता. नंदाबाईंनी त्याला वाढला, पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दसऱ्याला झेंडू किती आनायचा?"

"दाराला आन माझ्या सायकलीला. गाडी कुटं हाय आता?"

"जास्तच आना. चार किलो."

दसऱ्याला मावळात ज्याच्या घरी जे चाक आहे त्याची पूजा होते. ट्रॅक्टर, मोटरसायकल, दुधाच्या गाड्या, सगळी धुऊनपुसून दारात उभी राहतात, हारांनी झाकून जातात. त्या सकाळी नंदाबाईंनी नऊवारी नेसली, नथ घातली आणि बादली-खराटा घेऊन साकव धुवायला काढला. दोन्ही कठडे घासले. एका टोकाला पुढची नंबर प्लेट तारेने बांधली, दुसऱ्या टोकाला मागची. कठड्यांना झेंडूच्या माळा सोडल्या, मध्ये ऊस उभा केला. चाकं असती त्या चार जागांवर चार लिंबं ठेवली. ती जागा त्यांनी पायाने मोजून काढली, कारण सांगाडा कुठून कुठवर आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

शकुबाई औक्षणाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्यामागे वाडीतल्या आणखी सहा बायका आल्या. त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. या जीपमधून बाजार केला नाही किंवा बाळंतपणाला गेली नाही अशी त्यांच्यात एकही नव्हती. शकुबाईंनी नंबर प्लेटला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "लय सेवा केलीस बाई. अजून करतीयास."

एवढ्यात सरपंच निवृत्ती स्वतःची हार घातलेली नवी गाडी घेऊन देवळाकडे निघाले ते साकवाजवळ थांबले. खाली उतरून चालत आले.

"वैनी, हे काय मांडलंय?"

"गाडीची पूजा."

"कुटं हाय गाडी?"

"तुमी गाडीवर उभं हाय, भावजी."

निवृत्तींनी खाली पाहिलं. मग एक पाय उचलला, दुसरा कुठे ठेवावा हे कळेना म्हणून पहिलाच परत ठेवला. बायका हसल्या. कठड्याशी उभ्या असलेल्या निलेशच्या हातात मोबाइल होता.

"भावजी, प्रसाद घ्या," नंदाबाई म्हणाल्या. "आन उद्या इंजिनेर साहेब येनार न्हवं? त्यांच्यासाठी हार काढत न्हाई. प्लेटाबी ऱ्हाऊ देते. बघू द्या की त्यांस्नी, कुटल्या पासिंगची हाय."

दुपारी दोनपर्यंत निलेशचा व्हिडिओ पवनानगरच्या तीन ग्रुपवर फिरला. तीनला ग्रामसेवकांचा फोन आला. चारला ते सरपंचांसोबत स्वतः आले. सणाचा दिवस, कपाळावर टिळा, तोंड सुकलेलं. नंदाबाईंनी दोघांना बसवलं आणि चहा टाकला. ग्रामसेवकांना तो उकळेपर्यंत धीर धरवला नाही.

"काकू, एक मार्ग आहे," ते म्हणाले. "गर्डर नवीन घेतले असं आपण काढून टाकू. 'लोकसहभागातून प्राप्त लोखंड' असं घालू. तेवढा खर्च कमी दाखवू. पण लोकसहभाग म्हटला की लोकांतल्या कुणीतरी सही करावी लागते."

"लोक म्हंजी मी?"

"तुम्हीच."

"आन कापायची परवानगी?"

"त्याच पत्रात घालतो. 'देणगीदाराच्या विनंतीवरून, बांधकामास बाधा न येता.' फक्त प्लेटा आज काढा, काकू. माझी बदली व्हायला आलीय, ती सुखाने होऊ द्या."

सरपंच एवढा वेळ बशीत बघत होते. ते म्हणाले, "वैनी, आदी सांगितलं असतं तर."

"सांगितलं व्हतं भावजी. तुमी घरचं हाय म्हनला."

नंदाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन प्रेरणाकडून वाचून घेतलं. मग सही केली. लोकसहभाग म्हणून त्यांचं नाव पंचायतीच्या दप्तरात गेलं. इंजिनिअर साहेब दुसऱ्या दिवशी आले, साकवावर दोनदा चालले, झेंडूची एक माळ राहिली होती तिच्याकडे बघून छान केलंय म्हणाले आणि गेले.

पवनानगरच्या कैलास वेल्डरने जनरेटर आणून तुकडा कापला आणि त्या जागी त्याच मापाची पट्टी जोडली. तुकडा वीतभर, पण असा जड की निलेशला दोन हातांनी धरावा लागला. नंदाबाईंनी तो घासून एका नव्या खणात गुंडाळला. का, ते विचारल्यावर म्हणाल्या, "तशीच कशी धाडू?"

श्रद्धा मॅडमनी खण सोडला. आकड्यांवर खडू फिरवला, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहिला. मग बोटाने काहीतरी खरवडलं.

"याला सिमेंट कसं लागलं?"

"कामावर व्हती," नंदाबाई म्हणाल्या.

मॅडमनी बोट पुसलं. आरसी बुकावर शिक्का मारताना मात्र थांबल्या. "मावशी, हे रद्द झालं की परत होत नाही. तुमच्या नावावर आणखी काही गाडी आहे का?"

"गाडी न्हाई आन दुसरंबी काय न्हाई," नंदाबाई म्हणाल्या. शिक्का बसताना त्या आपल्या नावाकडे बघत होत्या. इंग्रजीत होतं, पण आपलं नाव माणसाला ओळखू येतंच. मग त्यांनी खणाची घडी केली आणि पिशवीत टाकली. खण नवा होता, ठेवून येण्यासारखा नव्हता.

ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेला तालुक्याच्या खिडकीत दाखला पडला. कारकुनाने चार नावं परत बसवली आणि मॉनिटर त्यांच्याकडे वळवून दाखवला. लोणावळ्याला पद्मजाताईंकडे इंद्रायणी गेला, दोन पोती कमी. ती खाल्ली होती. प्रेरणाने शेजारच्या कॉलेजात रात्रीच्या लॅबची मदतनीस म्हणून काम धरून तेवढी तूट स्वतः भरली, आणि याबद्दल बापाला जेवताना दोन-तीनदा ऐकवलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नंदाबाई पिशव्या घेऊन रेशन दुकानात गेल्या. दुकानदाराने मशीन पुढे सरकवलं. नंदाबाईंनी अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. पुसून ठेवला. लाल. दुसरा अंगठा, मग चारही बोटं. इतकी वर्षं तव्यावरची भाकरी बोटांनी फिरवून आणि चिखलात भाताची रोपं लावून त्यांच्या बोटांवर रेघ अशी राहिलीच नव्हती.

"मावशी, तुमी हाय हे मला दिसतंय," दुकानदार म्हणाला, "पर मशीनला न्हाई दिसत. कार्डावरचं दुसरं कोनतरी आना. या महिन्याच्या वाटपाचा आजचाच दिवस हाय."

निलेश वराळ्याला, प्रेरणा कॉलेजात. नंदाबाई घरी आल्या. बजरंग ओटीवर पाय पसरून बसला होता.

"उठा," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगठ्याचं काम हाय."

"माझा गुडघा..."

"गुडघा न्हाई मागत त्ये."

बजरंग काठी टेकत निघाला. साकवावर आल्यावर त्याने एकदा थांबून पाय आपटून बघितला, खाली घट्ट आहे का म्हणून. दुकानात अंगठा ठेवला आणि मशीन पहिल्याच खेपेला हिरवं झालं. चाळीस वर्षं तो बांधावर उभा राहून सांगत आला होता. त्याच्या बोटांच्या सगळ्या रेघा जागेवर होत्या.

दुकानदाराने वीस किलो मोजून दिले. नंदाबाईंनी दहाची पिशवी स्वतः उचलली आणि दहाची त्याच्यापुढे ठेवली.

बजरंगने पिशवीत हात घालून दाणे बघितले, एक तोंडात टाकला. "जाडा हाय," तो म्हणाला.

"मोकळा व्हतो," नंदाबाई म्हणाल्या. "चला. उनं व्हायच्या आत पोचू."